पुञ्ञाचे 'पुत्र' कसे झाले? : देवनागरी पालीच्या अक्षरजुळणीची एक चिकित्सा

नाशिकमधील एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भन्तेंना येण्यास विलंब होत होता, म्हणून घरातील नववीत शिकणाऱ्या मुलीने वंदनेची एक पुस्तिका उघडली आणि पाली पाठ मोठ्याने वाचण्यास आरंभ केला. वाचन स्वच्छ होते. अक्षर न् अक्षर उच्चारण्याची तिची धडपड पाहून समाधान वाटत होते. मात्र एका ठिकाणी तिने 'पुत्र' असे वाचले आणि मी चमकलो. तिच्या शेजारी जाऊन पुस्तिकेत पाहिले. चूक मुलीची नव्हती. जेथे 'पुञ्ञ' हवे तेथे 'पुत्र' असेच छापलेले होते. एकदा नव्हे, अनेक पानांवर. पुढे 'पञ्ञा' या शब्दाचा 'पत्रा' झाला होता. तिसऱ्या एका ओळीत 'अञ्ञ' म्हणजे 'अन्य' या शब्दाच्या जागी 'अत्र' आले होते. 'अत्र' हा पालीतही अर्थपूर्ण शब्द आहे, त्याचा अर्थ 'येथे'. त्यामुळे ही शेवटची चूक जाणकाराच्याही सहज लक्षात येणार नाही.

मुद्रणदोष म्हणून हे सोडून देता येईल काय? पुञ्ञ म्हणजे ज्याने त्याने स्वतःच्या सत्कृत्याने मिळविलेले पुण्य. पुण्यानुमोदनाचा सारा विधी या एका शब्दावर उभा आहे. पुत्र म्हणजे काय, हे मनुस्मृतीने सांगून ठेवले आहे : 'पुत्' नावाच्या नरकापासून पित्याला तारणारा तो पुत्र. मृताच्या गतीसाठी मुलगा हवाच, या कल्पनेचे मूळ तेथे आहे. जो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला, त्याची ही व्युत्पत्ती बौद्ध घरातील मृत्युप्रसंगी, एका मुलीच्या तोंडी, केवळ एका जोडाक्षराच्या घोटाळ्याने येऊन बसावी, याहून कडवट विनोद कोणता असेल? ज्यांनी पुस्तिका छापली ते आपलेच श्रद्धावान उपासक आहेत. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दोष त्यांच्या एकट्याचा नाही, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

मी या चुकीचा माग काढला. जुनी पुस्तिका संपली होती व तिची संगणकीय प्रत कोणाजवळ नव्हती. म्हणून पाने स्कॅन करून यंत्राकडून अक्षरे ओळखून घेण्यात आली. अक्षरे ओळखताना यंत्र भाषा विचारते. ऑपरेटरने 'मराठी' निवडली. दुसरे काही निवडण्याची सोय त्याच्यापुढे नव्हती. झिजलेल्या छपाईतील 'ञ्ञ' आणि 'त्र' यांत यंत्राला संशय पडला, तेव्हा त्याने मराठीत प्रचलित असलेला शब्द पसंत केला. त्यानंतर शुद्धलेखन तपासणी झाली. या तपासणीत पाली पाठातील जवळजवळ प्रत्येक बिनचूक शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटली. 'पुत्र' आणि 'पत्रा' मात्र निर्मळ राहिले, कारण ते निर्दोष मराठी शब्द आहेत. म्हणजे यंत्राने शुद्धाला अशुद्ध ठरविले आणि अशुद्धाला शुद्धतेचे प्रमाणपत्र दिले. तांबड्या रेघांच्या त्या गर्दीत डोळ्यांनी काय शोधायचे? ऑपरेटरने तपासणीच बंद केली असेल, तर त्याला दोष देता येत नाही.

माझ्या मते येथे मूळ प्रश्न भाषेच्या ओळखीचा आहे. पाली आणि मराठी या दोन भाषा आपल्याकडे एकाच लिपीत छापल्या जातात. इंग्रजी पुस्तकात रोमन पाली आली की तिरप्या टाइपामुळे आणि अक्षरांवरील-खालील चिन्हांमुळे ती वेगळी भाषा आहे, हे जुळाऱ्याला पाहताक्षणी समजते. देवनागरीत तसे होत नाही. लिपी एक, म्हणून भाषाही एक, असे यंत्र समजते, आणि आपणही तेच समजत आलो आहोत. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी व पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा एकाच दिवशी दिला. दोन वेगळ्या भाषा म्हणून दिला. आपल्या पुस्तिकांत मात्र पालीला अद्याप स्वतंत्र भाषेचे स्थान मिळालेले नाही. ती मराठीची एक अवघड, जुनाट शैली असल्यासारखी छापली जाते.

या गैरसमजाचे परिणाम 'पुत्र'एवढे ठळक नसतात, परंतु ते सर्वत्र पसरलेले आहेत. मराठीत आपण 'लठ्ठ', 'चिठ्ठी', 'मठ्ठ' असे लिहितो, म्हणजे ठला ठ जोडतो. पालीचा नियम निराळा आहे. तेथे महाप्राण वर्णाचे स्वतःशी द्वित्व कधीच होत नाही. त्याच्या आधी त्याच वर्गातील अल्पप्राण येतो : अट्ठ, दुक्ख, गच्छ, बुद्ध, पुप्फ. तरीही 'अठ्ठकथा' आणि 'अठ्ठंगिक मग्ग' ही रूपे आपल्या फलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर, ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरसुद्धा दिसतात. 'दुख्ख'ही दिसते. लिहिणाऱ्याचा हात मराठीच्या वळणाने जातो, आणि मराठीचे शब्द पुरविणारी प्रणाली त्या वळणाला उत्तेजनच देते.

दुसरे उदाहरण याहून नाजूक आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे मराठीत अन्त्य इकार-उकार दीर्घ लिहावयाचे. त्यानुसार मराठी वाक्यात 'भिक्खू' हेच योग्य, आणि या लेखातही मराठी वाक्यात मी तसेच लिहीन. पालीत मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील भेद व्याकरणाचा आहे. प्रथमेत 'भिक्खु' म्हणजे एक भिक्खू, तर 'भिक्खू' म्हणजे अनेक. 'अग्गि' एक, 'अग्गी' अनेक. शब्द पूर्ण होताच त्याची वेलांटी बदलून देणारी सोय जर पाली ओळीवर चालू राहिली, तर ती एकवचनाचे अनेकवचन करून टाकते, आणि वाक्यातील क्रियापद एकवचनीच राहते. असा पाठ पाठ्यपुस्तकात गेला तर विद्यार्थ्याला रूपे शिकविणार कशी? उद्धरणाच्या शेवटी येणारा 'ति' मराठीच्या तालमीत 'ती' होतो, हेही त्यातलेच.

तिसरी गोष्ट अनुस्वाराची. मराठीने परसवर्ण सोडून अनुस्वार स्वीकारला, आणि मराठीपुरते ते सोयीचेच झाले. पाली पाठात मात्र 'पञ्च', 'सङ्घ', 'धम्मञ्च' ही रूपे मोडून 'पंच', 'संघ', 'धम्मंच' केली की दोन अडचणी येतात. जेथे निग्गहीत खरोखरच आहे, उदाहरणार्थ 'संयुत्त' किंवा 'संसार', तेथील टिंब आणि वर्गीय अनुनासिकाऐवजी दिलेले टिंब यांत फरक उरत नाही. शिवाय संगणकाच्या दृष्टीने 'पञ्च' आणि 'पंच' हे सर्वस्वी वेगळे शब्द असल्यामुळे शोध घेताना अर्धी स्थळे निसटतात. 'संघ' हे रूपही पालीत मान्य आहे, हे खरे. पण एकाच पुस्तिकेत एका पानावर 'सङ्घं' आणि समोरच्या पानावर 'संघं' असेल, तर त्यामागे कोणतेही धोरण नाही, एवढेच सिद्ध होते.

आपल्या त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेख पाहणाऱ्याला येथे एक शंका सुचेल. लेणे क्रमांक ३ मधील गौतमी बलश्रीच्या लेखात 'भिखुसघ' अशा धाटणीचे लेखन आहे. तेथे द्वित्वही नाही आणि अनुस्वारही गळालेला आहे. मग सातवाहनांच्या कारागिराला जे चालले, ते आपल्याला का चालू नये? याचे उत्तर असे की, प्राकृत ब्राह्मी लेखांत द्वित्व न कोरण्याचा तो सर्वमान्य संकेत होता. वाचणारा ते मनाने भरून घेत असे. आजच्या वाचकाला तसा संकेत शिकविलेला नाही. तो छापले आहे तेच उच्चारतो.

असे असूनही, देवनागरीत पाली नीट छापता येत नाही, असे कोणी म्हणेल तर ते इतिहासाला धरून होणार नाही. महाराष्ट्रातच त्याची उत्तम परंपरा आहे. डॉ. पु. वि. बापट यांनी १९२४ मध्ये पुण्याहून सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती काढली. प्रा. ना. के. भागवत यांनी मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी ग्रंथमालेसाठी पाली ग्रंथ संपादित केले. धर्मानंद कोसंबी यांचा देवनागरी विसुद्धिमग्ग १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. पुढे भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून १९५६ ते १९६१ या काळात ४१ खंडांत संपूर्ण तिपिटक देवनागरीत आले. हे सर्व खिळ्यांच्या जुळणीचे युग होते. खिळा मूक असतो. तो मराठी जाणत नाही आणि पालीही जाणत नाही, म्हणून तो स्वतःहून काही 'सुधारत' नाही. जुळाऱ्याच्या हातून चुका होत असत, पण त्या चुका अज्ञानाच्या होत्या. आजचे यंत्र थोडे जाणते, आणि आपले थोडके ज्ञान आग्रहाने लादते.

खिळ्यांच्या नंतर आणि आजच्या व्यवस्थेच्या आधी जो मधला काळ आला, त्याने आपले फार नुकसान केले. १९९० च्या दशकात श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम अशा प्रणालींनी मराठी छपाई घरोघरी आणली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु फॉन्टागणिक अक्षरांचे सांकेतिक क्रमांक वेगळे होते. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हे प्रमाण ठरविले होते, युनिकोडनेही देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. पण छापखान्याच्या टेबलावर राज्य चालले ते फॉन्टाचे. त्या काळात मजकूर म्हणजे विशिष्ट फॉन्टात दिसणारे चित्र, अशीच समजूत होती. तो फॉन्ट गेला की मजकूरही गेला. त्या काळातील धम्मसाहित्याच्या कितीतरी फ्लॉप्या आज कोणाच्या उपयोगाच्या नाहीत. रूपांतर करून देणारे कार्यक्रम आहेत, पण त्यांच्या तक्त्यांत मराठीला लागणारी जोडाक्षरे आधी भरली जातात. 'ञ्ञ' आणि 'ळ्ह' यांची आठवण फार उशिरा होते, किंवा होतच नाही. कधी रूपांतरात जोडाक्षराच्या मध्ये न दिसणारे विभाजक चिन्ह राहून जाते. डोळ्यांना 'अट्ठ' दिसते, पण शोध घेतला तर सापडत नाही.

याच दशकात, आपल्याच जिल्ह्यात, एक मोठे काम उभे राहिले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने (स्थापना १९८५) छट्ठ सङ्गायनाची संहिता देवनागरीत आणली. १९५४ ते १९५६ या काळात ब्रह्मदेशात रंगून येथे भरलेल्या सहाव्या संगीतीतील ही संहिता. मूळ तिपिटक, अट्ठकथा व टीका मिळून सुमारे १४० खंडांची ही योजना, आणि १९९७ मध्ये तीच संहिता सीडी-रॉमवर. धम्मगिरीच्या साधनापद्धतीविषयी आणि धम्माच्या तेथील मांडणीविषयी आपल्या वाचकांत तीव्र मतभेद आहेत. माझेही काही आक्षेप आहेत. त्यांचे हे स्थळ नव्हे. ग्रंथाकडे ग्रंथ म्हणून पाहिले तर असे म्हणावे लागते की, यंत्रयुगात देवनागरी पालीला स्वतःच्या नियमांनी वागविण्याचे काम येथे झाले. परसवर्ण सर्वत्र सारखा. ट्ठ, ञ्ञ, ळ्ह यथास्थित. लोपाच्या जागी 'पे॰', पाठभेदांसाठी 'सी॰', 'स्या॰', 'पी॰' असे संक्षेप, आणि त्यांमागे लाघवाचे छोटे वर्तुळ, जे आपल्या पुस्तिकांत साध्या टिंबाने किंवा शून्याने भागविले जाते. पुढे ही संहिता युनिकोडमध्ये आली, तेव्हा मूळ प्रत देवनागरी ठेवून तीवरूनच रोमन, सिंहली, थाई, ब्रह्मी इत्यादी लिपींतील रूपे यंत्राने तयार होऊ लागली. जगभरचे अभ्यासक जी रोमन संहिता पडद्यावर वाचतात, तिच्या मुळाशी आपली नागरी आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

तरीही या संहितेवर डोळे मिटून विसंबणे योग्य नाही. ती ब्रह्मी परंपरेची संहिता आहे. तेथे 'ब्यापाद', 'ब्याकरण' अशी रूपे येतात. पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीवर वाढलेला वाचक 'व्यापाद' शोधतो आणि रिकाम्या हाताने परततो. पाठभेद दिले आहेत, पण निवडक. आपल्याकडे तर होते असे की, संहितेतील उतारा उचलून मराठी लेखात चिकटविला जातो, कोणत्या आवृत्तीचा ते लिहिले जात नाही, आणि तो मराठीच्या शुद्धलेखनयंत्रातून पुन्हा गाळला जातो. इगतपुरीहून निर्दोष निघालेला शब्द नाशिकला पोहोचेपर्यंत सदोष होतो. यात इगतपुरीचा काय अपराध?

जाता जाता भाषेच्या नावाविषयी एक शब्द. याच संहितेत ग्रंथनामे 'सीलक्खन्धवग्गपाळि' अशी ळकारान्त आहेत. 'पालि' आणि 'पाळि' ही दोन्ही रूपे जुनी आहेत. मराठीत 'पाळी' म्हटले की भलतेच अर्थ पुढे येतात, म्हणून आपण 'पाली' लिहितो, हे व्यवहाराला धरून आहे. परंतु ळ हे अक्षर हिंदीच्या छापखान्याला परके आणि मराठीच्या जुळाऱ्याला घरचे. 'दळ्ह', 'मूळ्ह', 'आसाळ्ह' हे शब्द अचूक छापण्यास महाराष्ट्राएवढी अनुकूल भूमी देवनागरीच्या प्रदेशात दुसरी नाही. अक्षरक्रमातही हेच दिसते. कच्चायनाने वर्ण ४१ मानले. त्यांच्या क्रमात ळ हा हनंतर येतो आणि निग्गहीत सर्वांच्या शेवटी. मराठी वर्णमालेतही ळ हनंतरच आहे. संगणकाच्या नुसत्या सांकेतिक क्रमांकांवर सूची लावली तर मात्र ळ हा लच्या पाठीला येऊन बसतो. शब्दसूची करणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

एकच लिपी आणि दोन भाषा, या अडचणीवर इतरांनी काय केले? थायलंडचे उदाहरण बोधप्रद आहे. थाई लिपीतील दोन अक्षरे, ञ आणि ठ यांच्या जागी येणारी, थाई भाषा लिहिताना खालच्या शेपटासह लिहितात. पाली लिहिताना तो शेपूट गाळण्याची रीत आहे. तेथील काही मुक्त फॉन्टांत अशी योजना केलेली आहे की, मजकुराची भाषा 'पाली' म्हणून जाहीर केली, म्हणजे शेपूट आपोआप गळतो. अक्षर तेच, संकेत तोच, भाषा बदलली की रूप बदलते. हे शक्य होते, कारण ओपनटाइप या फॉन्ट-व्यवस्थेच्या भाषायादीत पालीला स्वतःची खूण आहे. तीच सोय मराठी वापरते : भाषा 'मराठी' जाहीर केल्यावर योग्य फॉन्टात ल आणि श आपल्या वळणाचे होतात, 'हिंदी' ठेवली तर हिंदी वळणाचे. पालीत श नाहीच, पण ल पावलोपावली येतो. म्हणून एकाच पानावर मराठी मजकुरात एक ल आणि पाली गाथेत दुसरा ल, असे विद्रूप दृश्य आपल्याकडे दिसते, आणि ते का होते हे कोणालाच उमगत नाही.

आता आपल्या टेबलावरील साधनांकडे येऊ. छापखान्यांत सर्वाधिक चालते ते इनडिझाइन. त्यात परिच्छेद जुळणीचा 'वर्ल्ड-रेडी' हा पर्याय निवडला नाही, तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. ठाऊक नसते ते पुढचे. त्याच्या भाषायादीत मराठी आहे, हिंदी आहे, पाली नाही. मग उपाय एकच उरतो : पाली पाठासाठी स्वतंत्र परिच्छेद-शैली करावी आणि तिच्या भाषेच्या रकान्यात 'भाषा नाही' हा पर्याय निवडावा. तसे केल्याने तांबड्या रेघा थांबतात, शब्द मनमानी तुटणे थांबते. हा उपाय मी स्वतः वापरतो व इतरांनाही सुचवितो. पण 'भाषा नाही' हे शब्द निवडताना प्रत्येक वेळी बोट अडखळते. बाबासाहेबांनी पाली, इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी अशा पाच भाषांचा शब्दकोश सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या १६ व्या खंडात, पाली व्याकरण आणि बौद्ध पूजापाठ यांच्यासह, १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्या कोशात पाली ही मराठीच्या शेजारी उभी असलेली स्वतंत्र भाषा आहे, किंबहुना पहिली भाषा आहे. आपल्या यंत्रात तिची नोंद 'भाषा नाही' अशी करावी लागते.

दुसरा मार्ग टेकचा. क्नुथ यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेली ही अक्षरजुळणीची पद्धत गणितज्ञांची म्हणून ओळखली जाते, परंतु प्राच्यविद्येच्या अभ्यासकांनी ती लवकरच आपलीशी केली. हॉलंडमधील फ्रान्स वेल्थुइस यांनी तिच्यासाठी देवनागरीची व्यवस्था १९९१ च्या सुमारास केली. जोनाथन क्यू यांच्या झीटेकमुळे २००४ पासून युनिकोड मजकूर थेट वापरता येऊ लागला. पॉलिग्लोसिया व बेबल या जोडण्यांनी बहुभाषिक पुस्तकाची सोय केली : आरंभी 'मुख्य भाषा मराठी, अन्य भाषा इंग्रजी व संस्कृत' असे जाहीर करायचे, प्रत्येक भाषेला तिचा फॉन्ट बांधून द्यायचा, आणि मजकुरात भाषा बदलेल तेथे तसे लिहायचे. पालीसाठी आपण आपले घर बांधायचे. शब्द तोडण्याचे नियम तात्पुरते संस्कृताचे घेतले तरी बरेचसे चालतात. फॉन्ट म्हणून आयआयटी मुंबईचा 'शोभिका' मला समाधानकारक वाटतो. राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा'वर तो आधारलेला असल्याने वळण मराठी आहे, जोडाक्षरे भरपूर आहेत, रोमन पालीची चिन्हेही त्यात आहेत, आणि तो विनामूल्य आहे. टेकचा खरा गुण मला वेगळाच वाटतो. भाषेची जाहिरात हस्तलिखितातच होते. ती ऑपरेटरच्या स्मरणशक्तीवर सोडलेली नसते. ऑपरेटर बदलला, छापखाना बदलला, तरी पाली ही पालीच राहते. अवगुणही सांगितला पाहिजे : शिकण्यास वेळ लागतो, आणि रंगीत, चित्रमय पुस्तिकेला ते साधन सोयीचे नाही.

शब्द तोडण्याविषयी माझे मत जरा आग्रहाचे आहे. ग्रंथात शब्द तोडावेत. वंदनेच्या पुस्तिकेत मुळीच तोडू नयेत. 'बुद्धानुस्सति' हा शब्द यंत्र 'बुद्धानु-' असा तोडते आणि पुढची ओळ 'स्सति' अशी सुरू होते. म्हणणारा तेथे श्वास घेतो आणि द्वित्वाचा आघात हरवतो. उजवी बाजू उंचसखल राहिली तर राहू द्यावी. तसेच दंडाच्या जागी इंग्रजी कळफलकावरील उभी रेघ वापरू नये. ती ओळीच्या खाली लोंबते आणि शोधातही अडथळा आणते.

पाली वेगळ्या शैलीत ठेवण्याचा सर्वांत मोठा लाभ तपासणीचा आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात आलेला नाही. पालीत श नाही, ष नाही, ऋ नाही, ऐ-औ नाहीत, विसर्ग नाही; रफार जवळजवळ नाहीच. ठ्ठ, ख्ख, छ्छ, ध्ध, थ्थ हे संयोग असूच शकत नाहीत. म्हणून पाली शैलीतील मजकुरापुरता शोध लावून ही अक्षरे हुडकली, की 'धर्म', 'मार्ग', 'अठ्ठ' अशा साऱ्या घुसखोर रूपांची यादी काही मिनिटांत हाती येते. मराठी आणि पाली एकाच शैलीत असतील तर हा शोध निरर्थक ठरतो, कारण मराठी मजकुरात ही अक्षरे ओळीओळीला आहेत. 'त्र' मात्र या चाळणीतून निसटतो. 'तत्र', 'अत्र' हे पालीचे अस्सल शब्द आहेत. तेथे प्रत्येक 'त्र' थांबून डोळ्यांनी पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पुस्तिकेत असे शब्द कितीसे असणार!

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो आपल्याच माणसांकडून. श्रद्धेने म्हटले म्हणजे झाले, काना-वेलांटीची उठाठेव हा भटी सोवळेपणा आहे, असे म्हणतात. या आक्षेपामागील राग मला समजतो. ज्यांच्या पूर्वजांना उच्चारावरून हिणवले गेले, त्यांनी शुद्धतेच्या नावाने कोणी पुढे आला की सावध व्हावे, हे स्वाभाविक आहे. परंतु मंत्राच्या शुद्धतेत अर्थाची पर्वा नसते. तेथे ध्वनीलाच सामर्थ्य मानलेले असते. येथे सारा प्रश्न अर्थाचा आहे. भगवंतांनी आपापल्या भाषेत धम्म शिकण्यास अनुमती दिली ती लोकांना कळावा म्हणून. 'पत्रा' वाचून कोणाला काय कळणार? नववीतली मुलगी अर्थ विचारील तेव्हा आपण तिला काय सांगणार?

आणखी एक अडचण खरी आहे. प्रमाण मानावी अशी वंदनेची पाली-मराठी प्रत आपल्याजवळ नाही. विहारागणिक पुस्तिका वेगळी, आणि पुस्तिकेगणिक पाठ वेगळा. बाबासाहेबांच्या बौद्ध पूजापाठाची प्रत समोर ठेवून, नालंदा व इगतपुरी या दोन्ही आवृत्त्यांशी ताडून, युनिकोडमध्ये एक संहिता तयार करावी आणि ती कोणालाही विनामूल्य द्यावी, हे काम एका संस्थेला सहा महिन्यांत जमण्यासारखे आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पाली जाणणारे दोघे आणि संगणक जाणणारा एक, एवढे मनुष्यबळ पुरे. पुस्तिकांच्या दात्यांनी मुखपृष्ठावरील आपल्या छायाचित्राच्या खर्चाचा काही अंश मुद्रितशोधनाकडे वळविला, तरी बरेच साधेल.

ज्या पुस्तिकेपासून आरंभ केला, तिच्या प्रकाशकांना मी दुरुस्त्यांची यादी दिली. त्यांनी ती मनापासून स्वीकारली आणि नवी आवृत्ती सुधारून काढण्याचे कबूल केले. शिल्लक प्रतींचे काय करावे, असा प्रश्न होता. त्या मुलीने आपल्या घरच्या प्रतीत 'त्र' खोडून वर निळ्या शाईने 'ञ्ञ' लिहिले होते, जरा मोठ्या आकारात. आता दर रविवारी विहारात चार-पाच मुले उरलेल्या गठ्ठ्यातील प्रती घेऊन तेच करीत बसतात.